आईची राळ, शेजाऱ्याचा धूर

त्या माणसाबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही असेल तर ते एवढंच, की आम्ही भारतात गेलो होतो तेव्हा त्याने आमच्या तुळशीला न चुकता पाणी घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला मोकळं बोलता येईल.

तो आमचा शेजारी. लीड्स शहर संपून मेंढ्यांची कुरणं सुरू होतात तिथे चढावरच्या एका गावात आमचं दगडी घर आहे, आणि मधली कमरेएवढी भिंत ओलांडली की त्याचं. उंच, निवृत्त, बायको वारलेला, बारा महिने तेच हिरवं जाकीट घालणारा. आवाज इतका मवाळ की त्याला शिवी द्यायला तोंड उघडावं तर आपणच असंस्कृत वाटावं. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात तो लिंबाचा केक घेऊन दारात उभा राहिला होता. केक चांगला होता. म्हणजे चांगल्या गोष्टी दोन झाल्या. तिसरी मला आठवत नाही आणि आठवायचीही नाही.

घराबरोबर आम्हाला बैठकीच्या खोलीत लॉग बर्नर मिळाला, म्हणजे काळ्या लोखंडाची, काचेच्या दाराची लाकडाची शेगडी. सेंट्रल हीटिंग होतं, पण त्या जाड भिंतींना ते पुरत नसे. नवरा सॉफ्टवेअरवाला, नागपूरच्या उन्हात वाढलेला; त्याचा आणि विस्तवाचा संबंध दिवाळीच्या फुलबाजीपुरता. मी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. मला माणसं निजवता येत होती, शेगडी पेटवता येत नव्हती. तेव्हा शिकवायला हाच आला. गुडघे टेकून त्याने आम्हाला दाखवलं, आधी काटक्या कशा रचायच्या, हवा किती सोडायची, लाकूड दोन उन्हाळे कसं वाळवायचं. मग त्याने आम्हाला स्वतःचं लाकूडघर दाखवायला नेलं. आमच्या सामाईक भिंतीला पाठ लावून उभी असलेली ती दोन्ही बाजूंनी उघडी लाकडी शेड होती आणि तिच्यात ओंडके अशा ओळीत लावले होते की एकही टोक पुढे नाही, एकही मागे नाही. लोणच्याच्या बरण्या फडताळात मांडताना माझ्या एका मावशीच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तोच त्याच्या चेहऱ्यावर होता.

“ॲश चांगलं, ओक चांगलं, बर्च चालेल,” तो म्हणाला. “पण पाइन? नेव्हर. राळ असते त्यात. धुराडं आतून डांबरासारखं माखतं.” मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ते एक दिवसही विसरलेले नाही.

आमच्या बागेच्या टोकाला पाइनचं एक झाड होतं. जुनं, खाली करड्या सालीचं, वर गेल्यावर तांबूस होत गेलेलं, किंचित त्याच्या घराकडे कललेलं. मला त्या झाडाचं पहिल्यांदा काही विशेष वाटलं नव्हतं. ते झाड शोधलं आईने.

बाबा गेल्यावर, व्हिसाचे नियम आवळण्याच्या जरा आधी, मी आईला इकडे आणलं होतं. ती मूळची गुहागरकडची. आम्ही या घरात आलो तोवर तिच्या डोळ्यांच्या मधला भाग अंधुक झाला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, कडेचं थोडंफार दिसे. सामान अजून खोक्यांत होतं तेव्हा ती एकटीच चाचपडत बागेच्या टोकापर्यंत गेली आणि एक बोट पुढे धरून परत आली. बोटाला मधासारखं काहीतरी चिकटलं होतं. तिने ते माझ्या नाकापाशी धरलं.

“अगं, ही राळ आहे! आम्ही वाण्याकडून पुडीत आणायचो. इथे झाडावर लोंबतेय!”

त्या दिवसापासून आमच्या घराला दिनक्रम आला. संध्याकाळी मी शेगडी पेटवायची, निखारे धरले की आईने गुहागरहून आणलेलं पितळेचं धूपाटणं पुढे करायचं, मी त्यात छोट्या फावड्याने एक निखारा ठेवायचा, आणि त्यावर आई चिमूटभर राळ टाकायची. मग ती भिंतीला हात लावत लावत घरभर धूप फिरवायची. जिन्याखाली, बाथरूमच्या दाराशी, नवऱ्याच्या लॅपटॉपभोवती. तो मीटिंगमध्ये असला तरी. त्याच्या टीमला वाटायचं याच्या घराला रोज आग लागते.

हे हौसेचं नव्हतं, हे मला सांगायचंय. इथल्या डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो आणि जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. ज्या बाईला घड्याळाचे काटे दिसत नाहीत तिने संध्याकाळ ओळखायची कशी? आई राळेच्या वासाने ओळखायची. तो वास आला की तिचा दिवस संपायचा, ती हात जोडायची, पाय वर घेऊन शेगडीपुढे बसायची आणि शांत व्हायची. वास आला नाही तर ती दर थोड्या वेळाने विचारत राहायची, “दिवे लागले का गं?” आणि घरभर फिरत राहायची. एकदा मला हॉस्पिटलमध्ये उशीर झाला, तेव्हा घरी येऊन पाहते तर ती जिन्यावर बसून होती, वर जायचं की खाली याचा निर्णय न झालेली.

शेजाऱ्याला ते झाड खुपत होतं. पाइनच्या सुया त्याच्या पन्हळीत पडत आणि दुपारची सावली त्याच्या काचेच्या खोलीवर, कन्झर्व्हेटरीवर येई. तो अधूनमधून भिंतीपाशी यायचा आणि म्हणायचा, त्याचं काहीतरी करायला हवं, नाही का? मी दर वेळी नाही म्हणाले. स्वच्छ इंग्रजीत. आईचं कारणही सांगितलं. तो म्हणाला, “हाऊ लव्हली.”

मग भाचीच्या लग्नाला आम्ही तिघं दीड महिना भारतात गेलो. तुळस घरात, कुंडीत होती. तिला पाणी कोण घालणार? आपल्याकडे गावाला जाताना शेजारी किल्ली देतात. दिली नाही तर शेजारी रागावतात. मी किल्ली दिली. वर पेढे आणीन म्हणाले. बाजूच्या फाटकाची किल्लीही त्याच जुडग्यात होती.

परत आलो तेव्हा दुपार होती. टॅक्सीतून उतरल्याबरोबर आई फाटकापाशी थबकली.

“आज झाडाला एवढा वास कसा येतोय?” ती म्हणाली. “केवढा घमघमाट सुटलाय बघ.”

मी मागे गेले. बागेच्या टोकाला भलताच उजेड होता. खाली माझ्या पावलाएवढ्या उंचीचा बुंधा, ताजा, पिवळट, आणि त्याच्यावर सगळीकडून राळ फुटून आलेली. आई माझ्यामागून चाचपडत येत होती, हात पुढे करून, ते झाड जिथे असायचं तिथे हात टेकायला. मी तिला मध्येच धरलं.

तो हसत दारातून बाहेर आला. वादळात एक फांदी पडली होती, त्याला झाड धोकादायक वाटलं, त्याच्या ओळखीचा माणूस लगेच येऊ शकत होता. फाटकाची किल्ली होती म्हणून बरं झालं. खर्चाची आम्ही अजिबात काळजी करायची नाही. लाकडंही त्याने आपल्याकडे ठेवून घेतली, आम्हाला उगाच त्रास नको. “अँड युअर लिटल प्लांट इज थ्रायव्हिंग,” तो म्हणाला.

आणि माझ्या तोंडातून निघालं, “थँक यू.”

वीस-बावीस वर्षं या देशात राहून लागलेली ती खोड. बसमधून उतरताना थँक यू, दार कुणी धरलं तर थँक यू, आईचं झाड कापलं तर थँक यू. त्याने झाड कापलं याचा राग होताच. पण त्या थँक यूने माझ्या आत जे पेटलं ते आजतागायत विझलेलं नाही. मी खिशातले पेढे त्याला दिले नाहीत, एवढीच काय ती त्या दिवशीची माझी मर्दुमकी.

कौन्सिलला फोन केला. ते झाड संरक्षित यादीत नव्हतं. पोलीस म्हणाले, हा तुमचा आपसातला मामला. नवरा म्हणाला, “जाऊ दे ना. रोज तोंड बघायचंय.” नागपूरची माणसं भांडायला घाबरत नाहीत म्हणतात, माझ्या वाट्याला आलेला नग वेगळा होता.

एक हिवाळा बरणीतल्या साठवलेल्या राळेवर निघाला. बुंध्याने थोडी दिली, मग तोही सुकला. मी लेस्टरला गेले, बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून चार प्रकारचे धूप आणले. आईने एकेक हुंगला आणि बाजूला ठेवला. “हा साबण आहे. हा पण साबण आहे. ह्याचा तर सर्दीचा बाम होईल.” संध्याकाळचं तिचं फिरणं वाढलं. दिवे लागले का, दिवे लागले का. मी लागले म्हणायची, तिला ते खरं वाटायचं नाही.

आणि या काळात मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज काय दिसत होतं? त्याने त्या झाडाचे ओंडके फोडले, फाळ्या केल्या, त्या आमच्या भिंतीलगतच्या शेडमध्ये ओळीने लावल्या. पहिला उन्हाळा. दुसरा उन्हाळा. मी भांडी घासताना त्या फिकट होत गेलेल्या टोकांकडे बघायची आणि त्याचं वाईट चिंतायची. अगदी सविस्तर चिंतायची. त्याच्या पन्हळी तुंबाव्यात, कन्झर्व्हेटरी गळावी, त्याचा केक बसावा. माझं काम असं आहे की मला तासन्‌तास एका माणसावर नजर ठेवून शांत बसता येतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आई खुर्चीतून ताडकन उठली. तिचा चेहरा उजळला होता.

“लावलीस? कुठे मिळाली गं राळ?”

मी काहीच लावलं नव्हतं. मी खिडकीशी गेले. त्याच्या धुराड्यातून पांढरा धूर निघत होता आणि वाऱ्याने आमच्याकडे येत होता. तोच वास. गोडसर, जरासा कडवट, देवळातून आल्यावर कपड्यांना येतो तसा. पाइन कधीही जाळायचं नाही म्हणणारा माणूस आमचं पाइन जाळून पाय शेकत होता.

“शेजारी जाळतोय, आई. आपलं झाड.”

आई उभीच राहिली. मग सावकाश खाली बसली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त तिने हातातलं धूपाटणं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून त्याच्या दारात गेले. हेही सांगते, कारण मी सरळ मार्ग सोडला असं कुणी म्हणू नये. मी म्हणाले, आईसाठी त्यातली थोडी लाकडं मिळतील का? तो फार प्रेमाने हसला. “ओ, पाइन तुमच्यासाठी नाही. इट नीड्स एक्सपिरियन्स.” नीट वाळवलं की चालतं, पण जाळणाऱ्याचा हात सरावलेला हवा, असं म्हणाला. मग आत गेला आणि मला बर्चच्या लाकडांची पिशवी आणून दिली. भेट म्हणून.

मी ती पिशवी घेऊन घरी आले. या वेळी मी थँक यू म्हणाले नव्हते, पण तो ते ऐकल्यासारखाच हसला होता. मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “शिमगा कधी आहे?”

“मार्चमध्ये. का?”

“होळीसाठी चोरलेल्या लाकडाचं पाप लागत नाही.”

गुहागरला होळीच्या आधी पोरं गावभर लाकडं चोरत फिरायची. कुणाचं मोडकं दार, कुणाच्या गोठ्याची फळी, कुणाची रचून ठेवलेली फाटी. होळीला गेलेल्या लाकडाबद्दल मालकाने रागवायचं नाही, मागायचं नाही, असा रिवाज. आई मुलगी असूनही या टोळीत असायची, आणि खोताच्या वखारीतला वासा तिनेच पळवला होता हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

“आई, मार्चला अजून चार महिने आहेत.”

“मग आत्तापासून जमवायला नको?”

तो मंगळवारी दुपारी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जायचा. मंगळवारी माझी सुट्टी असायची. आईला दिसत नसलं तरी त्याच्या फाटकाची कडी वाजली की कळायचं. तिने खिडकीशी ताट आणि लाटणं घेऊन बसायचं आणि कडी वाजली की ताट बडवायचं. मी भिंतीवरून वाकून शेडच्या मागच्या बाजूने, आमच्या अंगाने, फाळ्या काढायची. पुढून रांग जशीच्या तशी दिसायची. आधी रचलेलं आधी जाळायचं, म्हणून तो स्वतः कडेने मागच्या रांगेतलीच लाकडं काढायचा.

पण नुसतं काढून माझं समाधान होईना. हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने त्याच्या कुंपणाची लेलँडी तोडली होती. लेलँडी म्हणजे इथे शेजाऱ्याला सूर्य दिसू नये म्हणून लावतात ती उंच हिरवी झाडं. ते लाकूड तो कुणालाही फुकट देत होता, ओलंकच्च. मी गाडीची डिकी भरभरून आणलं. एक पाइनची फाळी काढायची, तिच्या जागी एक ओली लेलँडी सरकवायची. रंग जवळपास तोच, साल आतल्या बाजूला. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला पत्ता लागू न देता त्याच्या पोटातलं काढून घेतात, तेव्हा त्याच्या उशाशी मी असते. इथे फक्त भूल न देता काम करायचं होतं.

नवऱ्याने गॅरेजमध्ये ढीग पाहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “तुम्ही दोघी आत जाल. आई, तुम्ही तरी हिला समजवा!” आई म्हणाली, “जावई, भिंत ओलांडायला तुमची उंची बरी आहे.” पुढच्या मंगळवारी तो वर्क फ्रॉम होम होता. लेलँडी त्यानेच उचलली. एडिनबराला शिकणाऱ्या लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती किंचाळली, “आई, धिस इज लिटरली थेफ्ट!” आईने माझ्या हातातून फोन घेतला.

“झाड कोणाचं होतं?”

“तुझं, आजी.”

“मग?”

“ओके,” लेक म्हणाली. “फेअर.”

आणि आमच्या घरात संध्याकाळ परत आली. पाइनचं वाळलेलं लाकूड काय पेटतं! ओक कुरकुरत, रुसत पेटतं. पाइनला काडी दाखवली की ते भडकतं, तडतडतं, काचेवर ठिणग्या फेकतं, आणि खोली बघता बघता ऊबदार होते. लवकर संपतं हे खरं, पण संपेपर्यंत हात राखत नाही. ज्या फाळीत फांदीची गाठ असे तिच्यात राळ गोठून काचेसारखी झालेली असायची. आई जुन्या सुरीने ती खरवडून डबीत भरायची. त्यातली चिमूट निखाऱ्यावर पडली की ती डोळे मिटायची. “झाली संध्याकाळ,” म्हणायची आणि पाय वर घ्यायची. दिवे लागले का हा प्रश्न तिने त्या हिवाळ्यात विचारला नाही.

तिकडे त्याची शेगडी रडायला लागली. धुराड्यातून धुराचे काळपट लोट निघायचे, मग काहीच नाही, मग पुन्हा लोट. एके सकाळी तो भिंतीशी आला, खांदे पडलेले.

“समथिंग इज राँग विथ माय वुड,” तो म्हणाला. “सूं सूं आवाज करतं, पेटतच नाही. दोन उन्हाळे वाळवलंय मी.”

“अरेरे,” मी म्हणाले. “रचताना काही चुकलं असेल का? हवा खेळायला हवी. तुम्हीच सांगितलं होतंत.”

तो खरोखर विचारात पडला. तीस वर्षं लाकडं रचणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या हाताबद्दल शंका आली, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी येताना पाहिली. त्या दिवशी मी हॉस्पिटलला जाताना गाडीत मोठमोठ्याने गात गेले. मला वाईट वाटलं का, असं पुढे लेकीने विचारलं होतं. नाही वाटलं. मी तिला बर्चच्या पिशवीची आठवण करून दिली.

होळी आली. मागच्या बागेत, त्या बुंध्याच्या शेजारीच, आम्ही लोखंडी घमेल्यात होळी रचली. चोरलेल्यातल्या उरलेल्या सगळ्या फाळ्या आणल्या. आईने मात्र एक ओंडका बाजूला काढून पदराखाली ठेवला होता. त्यात सर्वांत मोठी गाठ होती, मुठीएवढी, राळेने गच्च भरलेली. “ही वर्षभर पुरेल मला,” ती म्हणाली. चंद्र ढगाआड होता. मी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, नवऱ्याने नारळ टाकला, मी काडी ओढली. पाइनने एका दमात पेट घेतला. सगळ्या बागेत राळेचा वास दाटला.

आई स्वेटरवर शाल, शालीवर नवऱ्याचं जाकीट अशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिने पालथा हात तोंडावर आपटला आणि ब्याऐंशी वर्षांच्या छातीतून जी बोंब निघाली ती वरच्या कुरणातल्या मेंढ्यांनीसुद्धा ऐकली असेल. “लाकूडचोराच्या नावाने—बो-बो-बो-बो!” लाकडं चोरली आम्ही आणि चोर तो, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण होळीपुढे हिशेब करत नाहीत. मीही बोंब मारली. किल्लीच्या नावाने, हाऊ लव्हलीच्या नावाने, माझ्या त्या थँक यूच्या नावाने. घसा बसेपर्यंत मारली.

आवाजाने तो भिंतीशी आला. ज्वाळेचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता.

“काय साजरं करताय?”

मी सांगितलं, वर्षातून एकदा आग पेटवून आम्ही जे नको असेल त्याच्या नावाने ओरडतो.

“हाऊ मार्व्हलस,” तो म्हणाला. “असं का?” आणि त्याने आपला लांबलचक हात तोंडावर आपटला. “बो-बो-बो?”

“आणखी जोरात,” मी म्हणाले.

आई पुन्हा ओरडली, लाकूडचोराच्या नावाने! आणि तो शहाणा, निवृत्त, मवाळ माणूस मान मागे टाकून, पोटातून, तिच्या सुरात सूर मिळवून बोंबलला. एकदा नाही, तीनदा. नवरा तोंड फिरवून घराकडे पळाला. मला हसताना श्वास घेता येईना.

“कोण गं हा ओरडतोय?” आईने विचारलं.

“तोच.”

“तोच? स्वतःच्या नावाने?”

“हो, आई. स्वतःच्या नावाने.”

तिच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी भाचीच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती थरथरत उठली, पदराखालचा तो गाठीचा ओंडका तिने काढला आणि माझ्यापुढे धरला. “टाक हा पण. टाक!” मी म्हणाले, आई, वर्षभराची राळ आहे ती. “टाक म्हणते ना!” मी टाकला. गाठ उकळली, फुटली, आणि ज्वाळा आमच्या डोक्याच्या वर गेली. तो भिंतीपलीकडून टाळ्या वाजवत म्हणाला, माझ्या बायकोला हे फार आवडलं असतं. क्षणभर मला त्याची कणव येते की काय अशी भीती वाटली, म्हणून मी मुद्दाम बुंध्याकडे पाहिलं. मग त्याला पुरणपोळी दिली, आणि तो थँक यू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेगडीत बर्च पेटवलं, त्याच्याच पिशवीतलं. आईने धूपाटणं पुढे केलं, मी निखारा ठेवला, आणि तिने डबी उघडली. डबीत बोटाला लागण्यापुरतंही काही नव्हतं.

“थांब,” मी म्हणाले, “पुढच्या रांगेत त्याच्याकडे खरं पाइन अजून बरंच आहे. मंगळवारी आणते.”

“नाही,” आई म्हणाली. “शिमगा झाला. आता घेतलं तर चोरी.”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. झाड आपलंच होतं, ते काय शिमगा बघून आपलं राहायचं थांबतं? ती ऐकेना. रिवाज तिने केलेला नव्हता, म्हणून तो तिला मोडताही येत नव्हता. ती उठून घरात फिरायला लागली. जिन्यापर्यंत गेली, परत आली. “दिवे लागले का गं?”

तेवढ्यात शेजारी त्याने शेगडी पेटवली. मागची लाकडं खराब निघाली म्हणून त्याने ती फेकून दिली होती आणि पुढची, खरी, जाळायला घेतली होती. आई थबकली. मग चाचपडत खिडकीशी गेली, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. मार्चचा गार वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर शेजाऱ्याचा धूर. आईने हात जोडले.

“झाली संध्याकाळ,” ती म्हणाली, आणि खुर्ची तिथेच ओढून बसली.

मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. हीटिंग वाढवलं. तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही, हे मी ज्याला त्याला सांगत असते. त्याची शेडमधली रांग दर आठवड्याला खाली सरकते आहे, तीही मी भांडी घासताना बघते. पण संध्याकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघायला उशीर झाला, आई जिन्याशी जाऊन उभी राहिली, की घड्याळ मीच बघते, आणि मनातल्या मनात त्याला म्हणते, पेटव रे बाबा, पेटव लवकर.